साखर उतरते तेव्हा मेंदूत काय दिसते?

आपण लिहिले आहे की आपल्या थोरल्या भावाला २२ वर्षांपासून टाइप १ मधुमेह आहे. पूर्वी साखर ६५ च्या खाली गेली की त्यांना दरदरून घाम फुटायचा, हात थरथरायचे आणि ते स्वतःहून साखरपाणी मागायचे. आता ग्लुकोमीटरवर ४५ हा आकडा दिसत असतानाही ते ‘मला काहीच होत नाही’ असे म्हणतात आणि घरच्यांनी आग्रह केला तर चिडतात. एमआरआय किंवा पेट स्कॅन करून याचे कारण कळेल का, आणि संशोधक मेंदूच्या प्रतिमांमध्ये नेमके काय शोधतात, असे आपले दोन प्रश्न आहेत.

पहिल्याचे उत्तर थोडक्यात देता येते. आपल्या भावाचा आजार ओळखण्यासाठी स्कॅनची गरज नाही, आणि केला तरी त्यांच्या एकट्याच्या प्रतिमेवरून हे कारण सांगता येणार नाही. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र सविस्तर द्यायला हवे, कारण अशा अभ्यासांनी एक गोष्ट बरीच स्पष्ट केली आहे. आपले बंधू दुर्लक्ष करत नाहीत किंवा हट्टही करत नाहीत. साखर उतरल्यावर मेंदूच्या ज्या भागांनी जागे व्हायला हवे, ते भागच गप्प राहतात.

हे समजण्यासाठी आधी निरोगी शरीरातला क्रम पाहू. मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के असते, पण विश्रांतीच्या अवस्थेत शरीर जी ऊर्जा खर्च करते, तिचा साधारण पाचवा हिस्सा त्याला लागतो आणि एरवी ती जवळजवळ सगळी ग्लुकोजमधून येते. मेंदूचा स्वतःचा साठा अगदी तुटपुंजा असल्यामुळे रक्तातली साखर टिकवण्यासाठी शरीराने अनेक पदरी बंदोबस्त केलेला आहे. साखर ८० ते ८५ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरपर्यंत उतरली की स्वादुपिंड इन्सुलिन सोडणे कमी करते. ६५ ते ७० च्या आसपास साखर वाढवणारी संप्रेरके, ग्लुकागॉन आणि अ‍ॅड्रिनॅलिन वाढू लागतात. ५० ते ५५ च्या सुमारास घाम, धडधड, थरथर, भूक ही लक्षणे जाणवतात. आणि त्याहून खाली विचार करण्याची शक्ती मंदावते. लक्षणे आधी आणि बुद्धी मंदावणे नंतर, या क्रमावर माणसाची सुरक्षितता अवलंबून असते, कारण डोके ठिकाणावर असेपर्यंतच तो स्वतः काही तोंडात टाकू शकतो.

टाइप १ मधुमेहात यातला पहिला पदर नसतोच, कारण टोचून घेतलेले इन्सुलिन साखर उतरली म्हणून मागे घेता येत नाही. ग्लुकागॉनचा प्रतिसादही आजाराच्या पहिल्या काही वर्षांतच क्षीण होतो. मग उरतात अ‍ॅड्रिनॅलिन आणि लक्षणे, आणि साखर वारंवार उतरत राहिली की तीही बोथट होतात. सायमन हेलर आणि फिलिप क्रायर या संशोधकांनी १९९१ मध्ये दाखवून दिले की मधुमेह नसलेल्या माणसाची साखर दुपारी एकदाच उतरवली, तरी दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा उतरवल्यावर संप्रेरकांचा प्रतिसाद आणि लक्षणे दोन्ही कमी पडतात. एका प्रसंगाने हे होत असेल, तर आठवड्यातून कित्येकदा हायपो (म्हणजे साखर फार उतरण्याचा प्रसंग) होणाऱ्या माणसाचे काय होत असेल याची कल्पना करता येईल. टाइप १ मधुमेह असलेल्या प्रौढांपैकी साधारण चौथ्या-पाचव्या हिश्श्याला ही जाणीव कमी झालेली असते, आणि दुसऱ्याची मदत लागावी असा गंभीर हायपो होण्याचा धोका त्यांच्यात सुमारे सहापट असतो.

रक्तातली संप्रेरके मोजून एवढे कळले. पण हा बोथटपणा नेमका कुठे येतो, मेंदूला साखर पुरते म्हणून तो गप्प असतो की पुरत नसूनही गप्प असतो, हे रक्ताच्या नळीत सापडणारे नव्हते. त्यासाठी मेंदूत डोकवावे लागले.

अशा कोणत्याही अभ्यासाचा पाया म्हणजे ‘क्लॅम्प’. राल्फ डीफ्रोंझो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये या पद्धतीचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. एका हाताच्या शिरेतून इन्सुलिन ठरावीक वेगाने सोडतात आणि त्याच बाजूने २० टक्के डेक्स्ट्रोज (म्हणजे ग्लुकोजचे द्रावण) कमीजास्त वेगाने देतात. दुसरा हात गरम पेटीत ठेवलेला असतो, म्हणजे तिथल्या शिरेतले रक्त धमनीतल्या रक्ताच्या जवळ जाते. दर पाच मिनिटांनी त्या हातातून थोडे रक्त काढून साखर मोजायची, आणि आकडा पाहून डेक्स्ट्रोजचा वेग वाढवायचा किंवा घटवायचा. अशा रीतीने साखर ९० वर तासभर स्थिर ठेवता येते आणि मग हळूहळू ६० किंवा ५० वर आणून तिथेही धरून ठेवता येते. एरवी सोपे वाटणारे हे काम एमआरआयच्या खोलीत जिकिरीचे होते. साधे पंप चुंबकाजवळ नेता येत नाहीत, म्हणून ते बाहेर ठेवून भिंतीतल्या छिद्रातून लांबलचक नळ्या आत घ्याव्या लागतात. नळीतच द्रव अडकून राहत असल्यामुळे केलेला बदल उशिरा पोहोचतो. आणि आतल्या माणसाचा चेहरा नीट दिसत नसल्यामुळे त्याला वरचेवर प्रश्न विचारून बटणाने उत्तरे घ्यावी लागतात. शिरेतून द्यायचे डेक्स्ट्रोज हाताशी घेऊन एक डॉक्टर सतत हजर असतो.

सगळ्यात मोठी अडचण म्हणजे डोके हलणे. ज्याला हायपो जाणवतो त्याला थरथर सुटते, अस्वस्थ वाटते, तो चुळबुळ करतो, आणि डोके एक-दोन मिलिमीटर हलले तरी प्रतिमा बिघडते. ज्याला काहीच जाणवत नाही तो निवांत पडून राहतो. म्हणजे आपण ज्या दोन गटांची तुलना करायला निघालो, त्यांच्यातला काही फरक निव्वळ हलण्याचा असू शकतो. कोणताही शोधनिबंध वाचताना मी रंगीत ठिपक्यांआधी हे पाहतो की हालचालीचा हिशेब कसा केला आहे, आणि इन्सुलिन तेवढेच ठेवून साखर मात्र सामान्य राखलेला तुलनेचा दिवस घेतला आहे की नाही. कारण इन्सुलिनचाही मेंदूवर स्वतंत्र परिणाम होतो. शिवाय आधीच्या २४ तासांत हायपो झाला नव्हता याची खातरजमा हवी. ती नसेल तर १९९१ च्या त्या निष्कर्षानुसार अभ्यासच गोत्यात येतो.

आता स्वतः प्रतिमांकडे वळू. पेट स्कॅनमध्ये किरणोत्सारी खूण केलेला पदार्थ शिरेतून देतात आणि तो मेंदूत कुठे साठतो ते पाहतात. मुंबई-पुण्यात कर्करोगासाठी जो पेट स्कॅन होतो, त्यातही एफडीजी नावाचे असेच ग्लुकोजसारखे द्रव्य वापरतात, आणि त्याआधी रुग्णाची साखर आवर्जून तपासतात, कारण रक्तातले खरे ग्लुकोज त्या द्रव्याशी स्पर्धा करते. हायपोच्या अभ्यासात हीच स्पर्धा डोकेदुखी ठरते. साखर उतरली की पेशी एफडीजी आणि ग्लुकोज यांना ज्या प्रमाणात हाताळतात ते प्रमाणच बदलते, त्यामुळे एफडीजी जास्त साठले म्हणजे ग्लुकोज तेवढेच जास्त जळले असे थेट म्हणता येत नाही. मेंदूच्या एका भागाची दुसऱ्याशी तुलना मात्र बऱ्यापैकी भरवशाची राहते. पाण्यातल्या ऑक्सिजनला खूण करून रक्तप्रवाह मोजणारा पेट हा दुसरा प्रकार. त्या ऑक्सिजनचे अर्धायुष्य जेमतेम दोन मिनिटे असल्यामुळे एकाच सत्रात अनेकदा मोजणी करता येते, पण तो तयार करणारे यंत्र, सायक्लोट्रॉन, त्याच आवारात असावा लागतो.

अमेरिकेतल्या सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात क्रायर यांच्या गटाने याच दुसऱ्या पद्धतीने २००४ मध्ये निरोगी स्वयंसेवकांचा अभ्यास केला. साखर उतरल्यावर मेंदूच्या पुढच्या भागातील मध्यवर्ती पट्टा, थॅलॅमस (संदेश पुढे पाठवणारे मेंदूतले केंद्र) आणि मेंदूच्या देठातला एक भाग यांतला रक्तप्रवाह वाढला. तोवर सगळ्यांची नजर संप्रेरकांवर नियंत्रण ठेवणाऱ्या हायपोथॅलॅमसवर होती. या अभ्यासाने हे मोठे जाळे असल्याचे पुढे आणले. त्याच गटाने २००८ मध्ये आदल्या दिवशी साखर उतरवून दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच मोजणी केली, तेव्हा संप्रेरकांचा प्रतिसाद अपेक्षेप्रमाणे बोथट होता, पण थॅलॅमसच्या मध्यभागातली हालचाल मात्र वाढलेली होती. त्यांचा अर्थ असा, की थॅलॅमस इशारा दाबून टाकत असावा. मला हा विचार पटण्याजोगा वाटतो, मात्र रक्तप्रवाह वाढला एवढ्यावरून तो भाग दाबण्याचे काम करतो की चेतवण्याचे, हे सिद्ध होत नाही. ती अनुमानाची पायरी आहे, आणि ती तशीच ओळखली पाहिजे.

आपल्या भावाच्या चिडण्याबद्दल आपण लिहिले, त्यावर सर्वाधिक प्रकाश टाकणारा अभ्यास लंडनच्या किंग्ज कॉलेजचा आहे. स्टेफनी एमिएल यांच्या गटाने २००७ मध्ये टाइप १ मधुमेह असलेल्या १३ पुरुषांचे एफडीजी पेट प्रसिद्ध केले; काहींना हायपो जाणवत होता, काहींना नव्हता. साखर सुमारे ४७ पर्यंत आणल्यावर जाणीव असलेल्यांमध्ये अमिग्डाला या भागाचा प्रतिसाद ठळकपणे वाढला. भीती आणि धोक्याची जाणीव यांच्याशी या भागाचा जवळचा संबंध आहे. जाणीव गमावलेल्यांमध्ये तो प्रतिसाद फिका होता, आणि पुढच्या भागातही फरक होता. म्हणजे साखर कमी होणे ही अप्रिय, तातडीने काहीतरी करायला लावणारी घटना आहे, हा भावच त्यांच्या मेंदूत नीट उमटत नाही. ज्याला धोका धोक्यासारखा वाटतच नाही, त्याला घरच्यांचा आग्रह उगाच वाटणार. अभ्यास लहान आहे, सगळे पुरुष आहेत, तरीही दवाखान्यात जे दिसते त्याच्याशी तो जुळतो: ४५ वर असलेला माणूस नीट बोलतो, फक्त प्रश्न आणि उत्तर यांच्यात एरवी नसणारा क्षणभराचा विलंब येतो, आणि तो बायकोला कळतो, त्याला नाही.

फंक्शनल एमआरआयमध्ये किरणोत्साराचा प्रश्न नसतो. मेंदूचा जो भाग कामाला लागतो तिथे ऑक्सिजनयुक्त रक्त वाढते आणि त्यामुळे चुंबकीय संकेत किंचित बदलतो. हा बदल एखाद-दुसऱ्या टक्क्याचा असतो. अमेरिकेतील येल विद्यापीठातील गटाने २०१८ मध्ये तीन गट घेतले: निरोगी, हायपो जाणवणारे मधुमेही आणि न जाणवणारे मधुमेही. साखर ९० आणि मग ६० वर ठेवून त्यांना खाद्यपदार्थांची आणि इतर वस्तूंची चित्रे दाखवली. निरोगी लोकांमध्ये ६० इतक्या सौम्य पातळीवरही पुढचा भाग, इन्सुला, कॉडेट आणि अँग्युलर गायरस या भागांत बदल दिसले. जाणीव असलेल्या मधुमेहींत यातले काही प्रतिसाद हरवलेले होते, काही टिकून होते. जाणीव नसलेल्यांमध्ये ९० आणि ६० यांच्यात सांगण्याजोगा फरकच दिसला नाही. म्हणजे जाणीव एका रात्रीत जात नाही. मेंदूचा प्रतिसाद टप्प्याटप्प्याने विरत जातो आणि माणसाच्या तक्रारीत तो येण्याआधीच घट सुरू झालेली असते, असे या चित्रावरून दिसते. वेगवेगळ्या माणसांची एकाच वेळी केलेली तुलना असल्यामुळे ‘सुरू झालेली असते’ हेही अनुमानच आहे, पण सबळ आहे.

याच विद्यापीठातला २००९ चा आणखी एक अभ्यास मला फार मोलाचा वाटतो. धमनीतल्या रक्ताच्या पाण्यालाच चुंबकीय खूण करून रक्तप्रवाह मोजण्याची पद्धत वापरून त्यांनी दाखवले की साखर जेमतेम ७७ च्या आसपास आली, संप्रेरके अजून वाढलेलीही नाहीत, तेव्हाच हायपोथॅलॅमसमधला रक्तप्रवाह वाढतो. आपण ज्याला ‘नॉर्मल’ म्हणतो त्या पातळीवरच मेंदू सावध होऊ लागतो. हायपोथॅलॅमस अगदी छोटा आहे आणि कवटीतल्या हवेच्या पोकळीजवळ असल्यामुळे तिथली प्रतिमा सहज विकृत होते, हे लक्षात घेतले तर ही मोजणी किती नाजूक आहे ते कळेल.

फंक्शनल एमआरआयच्या मर्यादेबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगतो. त्याचा संकेत चेतापेशींचा नसून रक्ताचा असतो. हायपोमध्ये अ‍ॅड्रिनॅलिन वाढते, नाडी जलद होते, श्वास बदलतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड बदलतो, आणि यातल्या प्रत्येक गोष्टीने मेंदूतला रक्तप्रवाह हलतो. म्हणून ‘अमुक भाग पेटला’ किंवा ‘विझला’ हे वाक्य वाचताना, त्याच वेळी रक्तप्रवाह वेगळा मोजला होता का, श्वासाची नोंद होती का, हे विचारायला हवे.

आता उरला तो मूळचा प्रश्न: गप्प राहणाऱ्या मेंदूला साखर जास्त पोहोचते का? १९९५ मध्ये धमनी आणि मानेतली शीर यांच्या रक्तातला फरक मोजून असे सुचवले गेले होते की वारंवार हायपो होणाऱ्यांचा मेंदू ग्लुकोज अधिक ओढून घ्यायला शिकतो. २००१ मध्ये सेंट लुईसच्या गटाने कार्बनची खूण असलेले ग्लुकोज वापरून पेट केला, तेव्हा आधीच्या हायपोनंतरही मेंदूत जाणारे ग्लुकोज वाढलेले आढळले नाही. मग संशय ग्लायकोजेनच्या, म्हणजे मेंदूत साठवलेल्या ग्लुकोजच्या, साठ्यावर गेला. मेंदूतली रसायने सुई न टोचता मोजणाऱ्या एमआर स्पेक्ट्रोस्कोपीने मिनेसोटा विद्यापीठातील गटाने तो तपासला. २०१२ मध्ये जाणीव गमावलेल्या रुग्णांत तो साठा वाढलेला नसून उलट कमी निघाला. त्यानंतर पाळी आली लॅक्टेटची, म्हणजे ग्लुकोजच्या विघटनातून तयार होणाऱ्या आणि पर्यायी इंधन ठरू शकणाऱ्या पदार्थाची. येलच्या २०१३ च्या अभ्यासात शिरेतून लॅक्टेट दिल्यावर मधुमेहींच्या मेंदूत ते निरोगी माणसांपेक्षा कितीतरी अधिक जमले, पण इंधन म्हणून त्याचा वापर वाढला नाही. तर नेदरलँड्समधील नायमेखेन येथील गटाला २०१६ मध्ये जाणीव गमावलेल्यांच्या मेंदूत हायपोच्या वेळी लॅक्टेट घटलेले दिसले, आणि ते वापरले जात असावे असा अर्थ त्यांनी लावला. हा वाद मिटलेला नाही. माझे मत असे की इंधनाचे एकच उत्तर शोधण्याच्या नादात आपण इशाऱ्याच्या जाळ्याकडे दुर्लक्ष करू नये; प्रतिमांनी सर्वांत सातत्याने जे दाखवले आहे, ते त्या जाळ्याचे गप्प होणेच आहे.

दवाखान्यात मेंदूचा एमआरआय केव्हा करावा, हा प्रश्न याहून वेगळा आहे. साखर पूर्ववत करूनही माणूस शुद्धीवर येत नसेल, झटके येत असतील किंवा एका बाजूची कमजोरी राहिली असेल, तर डिफ्युजन एमआरआय (पेशींना झालेली ताजी इजा दाखवणारा एमआरआयचा प्रकार) उपयोगी ठरतो. दीर्घकाळ साखर उतरलेल्या मेंदूत बाह्यपटल, हिप्पोकॅम्पस, कॉर्पस कॅलोझमचा मागचा भाग आणि इंटर्नल कॅप्सूल यांत बदल दिसू शकतात, तर थॅलॅमस बहुधा वाचतो. नवजात बाळांमध्ये इजा प्रामुख्याने डोक्याच्या मागच्या भागात होते. हायपोमुळे हुबेहूब पक्षाघातासारखे चित्र निर्माण होऊ शकते, म्हणून एक बाजू लुळी पडलेल्या प्रत्येक माणसाची साखर स्कॅनच्या आधी, दारातच, तपासली पाहिजे. मधुमेहाच्या ग्लिमेपिराइड किंवा ग्लिबेनक्लामाइड या गोळ्या घेणाऱ्या आणि मूत्रपिंड कमकुवत असलेल्या वृद्धांत तर हे विसरून चालणारच नाही.

आपल्या भावासाठी आज करण्याजोगी गोष्ट अशी. साखर उतरल्याचे कळते का, याचा १ ते ७ असा एक सोपा गुणांक आहे. त्यात ४ किंवा अधिक आले तर जाणीव कमी झाली असे धरतात. तो त्यांच्या आणि आपल्या अशा दोन्ही उत्तरांवरून काढून घ्या, कारण ती बहुधा जुळणार नाहीत. शक्य असेल तर सतत साखर मोजणारा सेन्सर लावून त्याचा इशारा ७० च्या वरच ठेवा. मग डॉक्टरांच्या सल्ल्याने साखरेचे लक्ष्य थोडे वर नेऊन काही आठवडे ती ५४ च्या खाली अजिबात जाऊ द्यायची नाही. १९९३-९४ मध्ये वेगवेगळ्या ठिकाणच्या गटांनी दाखवले आहे की हायपो कटाक्षाने टाळले की बऱ्याच जणांची लक्षणे परत येतात. तरीही परत न आल्यास ‘मला काही होत नाही’, ‘शुगर वाढण्यापेक्षा हे बरे’ अशा समजुतींवर काम करणारे समुपदेशन लागते, आणि लंडनच्या त्या गटाने तसा कार्यक्रम बांधून त्याची चाचणीही घेतली आहे. तोवर त्यांनी गाडी चालवण्याआधी दर वेळी साखर तपासावी आणि घरात ग्लुकागॉन असावे. ते कसे द्यायचे हे आपणही शिकून घ्यावे. नाकात फवारायचे ग्लुकागॉनही निघाले आहे, ते आपल्या गावी मिळते का हे औषधविक्रेत्याकडे विचारून पाहा.

त्यांना एखाद्या संशोधनात भाग घेण्यास विचारले गेले, तर नैतिकता समितीची मंजुरी, अभ्यासाची नोंदणी आणि इजा झाल्यास भरपाईची तरतूद लेखी पाहून घ्या. हृदयविकार किंवा अपस्मार असेल तर तो आधीच सांगा. आणि चाचणी संपवून घरी येताना एक लक्षात ठेवा: मुद्दाम उतरवलेल्या साखरेमुळेही पुढचा दिवसभर त्यांची उरलीसुरली जाणीव आणखी कमी झालेली असेल, म्हणून त्या रात्री झोपण्यापूर्वी आणि पहाटे तीनच्या सुमारास साखर तपासा, आणि दुसऱ्या दिवशी त्यांना गाडी चालवू देऊ नका.